मूडलवर टाकलेला धडा पोरांना सापडावा म्हणून

गेल्या जुलैत जांबोटीकडच्या एका नववीच्या पोराचा फोन आला. पाऊस असा की त्याचं अर्धं बोलणं पत्र्यावरच्या आवाजातच गेलं. "बाई, गुरुत्वाकर्षणाचा व्हिडिओ सापडेना झालाय. सरांनी घातलाय म्हणून सांगितलंय." मी इकडं बेळगावात शहापूरला घरी लॅपटॉपवर मूडल, म्हणजे शाळेचे धडे ठेवायची आमची ऑनलाइन जागा, उघडून बघितलं. व्हिडिओ होता की. पण दहावीच्या कोर्समध्ये, आणि शीर्षक काय, तर 'विज्ञान भाग १ प्रकरण १'. गुरुत्वाकर्षण हा शब्द त्यात कुठंच नाही.

झालं होतं असं. सरांनी व्हिडिओ महाराष्ट्रातल्या एका शिक्षकांचा घेतला होता. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये गुरुत्वाकर्षण हा पहिलाच धडा. आपल्याकडं, म्हणजे कर्नाटकात, विज्ञान एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या पुस्तकांच्या वळणाचं, त्यात हाच धडा नववीत येतो. सरांनी व्हिडिओबरोबर त्याचं नावही तिकडचंच उचललं. सीमाभागात मराठी माध्यमाला हा त्रास कायमचा आहे. भाषा तिकडची, अभ्यासक्रम इकडचा, आणि इंटरनेटवर मराठीत जे मिळतं त्यातलं बहुतेक तिकडच्या पोरांसाठी केलेलं.

मी हायस्कूलची ग्रंथपाल. आमच्या संस्थेच्या शाळांचं मूडल माझ्या गळ्यात पडलं ते "बाईंना याद्या करायची सवय आहे" एवढ्याच कारणानं. चार वर्षं झाली. मेटाडेटा, म्हणजे साहित्याबद्दलची माहिती, म्हटलं की स्टाफरूममध्ये सगळे चहाकडं वळतात, म्हणून मी 'नोंद' म्हणते. पुस्तकाचं कार्ड करायचो तसंच हे. पुस्तक कपाटात आहे, पण कार्ड नसेल किंवा चुकीचं असेल तर ते नसल्यातच जमा.

रकाने किती ठेवायचे

कमी. १९९५ साली अमेरिकेत ओहायोमधल्या डब्लिन गावी ग्रंथालयवाले आणि संगणकवाले एकत्र बसले, त्यातून पुढं 'डब्लिन कोअर' नावाची पंधरा रकान्यांची यादी तयार झाली. यादी चांगली आहे. पहिल्या वर्षी मी सगळे पंधरा रकाने शिक्षकांच्या हातात दिले. लोकांनी पहिले दोन भरले आणि बाकी तेरांत आडवी रेघ मारली. आता आमच्याकडं सात आहेत: शीर्षक, इयत्ता, मंडळ, माध्यम, मजकुराची भाषा, मूळ कुणाचं, आणि आकार किंवा वेळ. मूडलमध्ये कोर्सला असे जादा रकाने ॲडमिनला तयार करून देता येतात, त्याला कस्टम फील्ड म्हणतात. आतल्या एकेका धड्यासाठी मात्र आम्ही वर्णनाची चौकट आणि टॅग, म्हणजे धड्याला लावायच्या शब्दखुणा, यांवरच भागवतो.

यातले माध्यम आणि मजकुराची भाषा हे दोन रकाने एकच आहेत असं समजून पुष्कळ जण एक खोडतात. पुण्यात चालेल, इथं नाही. आमच्या पोरांना कन्नड हा विषय आहे. कन्नडच्या धड्याची भाषा कन्नड, पण तो ज्यांच्यासाठी केलाय ती पोरं मराठी माध्यमाची, म्हणजे बाई मध्येमध्ये मराठीत समजावून सांगतात. तोच विषय कन्नड माध्यमाच्या पोरांसाठी केलेला असेल तर आमचा पाचवीचा पोरगा दुसऱ्या मिनिटाला बंद करतो. 'भाषा: कन्नड' एवढंच लिहिलं तर दोन्ही व्हिडिओ एका रांगेत येऊन बसतात. म्हणून, माध्यम म्हणजे कुणासाठी, भाषा म्हणजे आत काय. नव्या शिक्षकाला मी हे वाक्य वहीत लिहूनच घ्यायला लावते.

मंडळाचा रकाना रिकामा सोडलेला मला चालत नाही. 'कर्नाटक' किंवा 'महाराष्ट्र', दोनच पर्याय, आणि ते टाइप करायचे नाहीत, यादीतून निवडायचे. महाराष्ट्राचं साहित्य वापरायला माझी ना नाही, चांगलं असतं. फक्त इयत्ता आपली घालायची आणि वर्णनात लिहायचं, 'महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकावर आधारित, आपल्या नववीला उपयोगी'. शिवाय परीक्षेचं नाव. आपली एसएसएलसी, त्यांची एसएससी. एका अक्षराचा फरक, पण पोरगं प्रश्नपत्रिका शोधत असेल तर एक अख्खी संध्याकाळ फुकट.

शीर्षक

फोनवर शीर्षकाचे पहिले चार-पाच शब्दच दिसतात. त्यामुळं पोर जो शब्द शोधणार तो पहिला. 'नववी विज्ञान प्रथम सत्र घटक तीन गुरुत्वाकर्षण' असं लिहिलं की फोनवर सगळ्या धड्यांची नावं 'नववी विज्ञान प्रथम…' अशी सारखीच दिसतात. त्या जुलैतल्या व्हिडिओची नोंद आता अशी आहे:

गुरुत्वाकर्षण: वस्तू खाली का पडते
नववी, विज्ञान. कर्नाटक. मराठी माध्यम. मराठीत.
९ मिनिटं, १४ एमबी. महाराष्ट्राच्या दहावीच्या धड्यावर आधारित.
मूळ व्हिडिओ दुसऱ्या शिक्षकांचा, परवानगी घेऊन.

एमबी लिहायला विसरू नका. कणकुंबीकडं डोंगरात रेंज अशी असते की पोर चढावर जाऊन उतरवून घेतं आणि घरी येऊन बघतं. चौदा आहेत की एकशे चाळीस, हे त्याला आधी कळायला हवं. मूडलमध्ये फाइल लावताना दिसण्याच्या सेटिंगमध्ये आकार दाखवायची खूण असते, ती केली की आकडा तो आपोआप दाखवतो. व्हिडिओ बाहेरून जोडलेला असेल तर मात्र हातानं लिहावं लागतं.

इयत्ता अक्षरात लिहा, नववी, दहावी. आकड्यात लिहिलं की कोण देवनागरी नऊ घालतो, कोण इंग्रजी, आणि यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हं. पोरांच्या फोनवर कीबोर्ड मराठी असला तरी आकडे बहुधा इंग्रजीच उमटतात. फोल्डरमध्ये फाइली ठेवत असाल तर आणखी एक. तिथं फाइली नावाच्या क्रमानं लागतात, आणि त्या क्रमात बऱ्याचदा दहावा धडा दुसऱ्याच्या आधी येऊन बसतो. एकेरी आकड्यांच्या आधी शून्य लावलं की भानगड मिटते.

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं शीर्षक कॉपी करून चिकटवू नका. छपाईवाल्यांच्या फॉन्टमधली अक्षरं युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखीच कळणारी, नसतात. सरांच्या संगणकावर 'प्रकाशाचे परावर्तन' आणि मूडलवर कुठल्या कुठल्या चिन्हांची रांगोळी. धडा पीडीएफमध्ये असेल तर आतलं राहू दे तसंच, पण शीर्षक आणि वर्णन नव्यानं टाइप करा. दोन ओळींचं काम आहे.

एकाच नावाची चार रूपं

मला यातच खरी गोडी आहे, म्हणून जरा लांबेल.

कित्तूरच्या राणीवरचा धडा घ्या. १८२४ चा इंग्रजांविरुद्धचा लढा, इथं प्रत्येक पोराला माहीत. पण राणीचं नाव मराठीत कसं लिहायचं? आमच्याकडच्या साहित्यात मला चन्नम्मा, चेन्नम्मा, चन्नमा आणि चेन्नमा अशी चारही सापडली. एक तर एकाच धड्यात वर एक आणि खाली दुसरं. गावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी, घरात आपण बेळगाव म्हणतो, आणि जुन्या हिंदी कागदांत बेलगाम. टिळकवाडीत १९२४ चं काँग्रेस अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष होते, त्या जागेचा आणि काँग्रेस विहिरीचा व्हिडिओ आमच्या आठवीच्या पोरांनी सहलीला जाऊन केला. आता तो शोधणारा 'बेळगाव अधिवेशन' टाकेल की 'बेळगावी अधिवेशन'?

ग्रंथालयात याची जुनी रीत आहे. एक रूप पक्कं ठरवायचं आणि बाकीच्या रूपांची त्याकडं वाट दाखवायची. मी एक लांबुडकी वही ठेवलीय. डाव्या बाजूला आपलं ठरलेलं रूप, उजव्या बाजूला लोक काय काय लिहितात ते. शीर्षकात नेहमी डावं. उजवी सगळी वर्णनाच्या शेवटच्या ओळीत, 'असंही शोधतात:' लिहून. ही ओळ दिसायला बरी दिसत नाही हे मला मान्य आहे. मुख्याध्यापकांनी दोनदा काढायला लावली, मी दोनदा परत घातली.

कन्नडच्या धड्यांना तर ही ओळ लागतेच. बाई शीर्षक कन्नड लिपीत घालतात, ते बरोबरच आहे, पोराला ती लिपीच शिकायची आहे. पण शोधताना पोर देवनागरीतच टाइप करतं. म्हणून 'कागुणित'च्या धड्याला खाली देवनागरीत कागुणित हेही हवं आणि बाराखडी हेही.

एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्या. मूडलचा साधा कोर्स-शोध कोर्सचं पूर्ण नाव, छोटं नाव, आयडी आणि सारांश एवढंच चाळतो. कोर्सच्या पोटातल्या धड्यांपर्यंत तो जात नाही. त्यासाठी ॲडमिननं ग्लोबल सर्च चालू करायला हवा. आमच्याकडं पहिलं दीड वर्ष तो बंद होता आणि मी आपली धड्यांच्या वर्णनात नावं भरत बसले होते. तुमच्याकडं बंद असेल आणि चालू करून मिळत नसेल, तर ती शोधाची नावं कोर्सच्या सारांशात घाला.

टॅगचं वेगळं लिहीत नाही, वही तीच. फक्त शिक्षकांना मनानं टॅग करू देऊ नका, नाहीतर 'भूमिती', 'भुमिती' आणि 'भूमीती' असे तिघे भाऊ तयार होतात. झालेच असतील तर ॲडमिनच्या टॅगच्या पानावर ते निवडून एकात मिसळता येतात. आधीची साहित्यं त्या एका टॅगखाली येतात, परत लावत बसावं लागत नाही.

एक्सेलचा फटका

पाच-सहा कोर्सचे तपशील एकेक उघडून दुरुस्त करा. पन्नास असतील तर सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा तक्ता, करून एकदम चढवता येते. सोय मोठी आहे, आणि घातही मोठाच होतो. मला झालेले तीन सांगते.

पहिला, अक्षरांचा. एक्सेलमध्ये साधं सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की सगळं मराठी प्रश्नचिन्हांत जातं. सेव्ह करताना यादीतलं 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडायचं. लिबरऑफिस निदान विचारतं तरी, कुठल्या अक्षरसंचात ठेवू म्हणून.

दुसरा मजेशीर. सातवीचा दुसरा घटक म्हणून मी कोडच्या रकान्यात इंग्रजी आकड्यांत सात, रेघ, दोन असं लिहिलं. एक्सेलनं ती तारीख समजली आणि माझ्या घटकाची फेब्रुवारीतली सात तारीख करून टाकली. वरून मी ते 'तारखेचा कॉलम कुणी घातला?' म्हणून कॉम्प्युटरच्या सरांनाच विचारत बसले. लिहायला सुरुवात करायच्या आधी तो अख्खा रकाना 'टेक्स्ट' करून घ्या. आधीचं शून्य खाल्लं जातं तेही यानंच थांबतं.

तिसऱ्याला हसू आलं नाही. कोर्सचं छोटं नाव, शॉर्टनेम, ही मूडलची ओळख पटवायची खूण. फाइलमधलं छोटं नाव जुन्याशी जुळलं तर तो कोर्स दुरुस्त होतो. जुळलं नाही आणि तुम्ही 'नसेल तर नवा कर' असा पर्याय दिलेला असेल, तर नवा कोर्स जन्माला येतो. मी एका रविवारी छोट्या नावांतलं शुद्धलेखन सुधारलं. चढवलं. सोमवारी सकाळी बत्तीस कोर्सचे चौसष्ट झाले होते, अर्धे रिकामे, आणि पोरं रिकाम्यांत शिरून "बाई, सगळं गेलं" म्हणून फोन करत होती. चढवायच्या आधी मूडल प्रिव्ह्यू दाखवतं. मी तो न वाचताच पुढं गेले होते. तेव्हापासून छोट्या नावाला हात नाही, अशुद्ध असलं तरी राहू दे. आणि पर्याय नेहमी 'फक्त असलेले दुरुस्त कर' हाच.

मूळ कुणाचं, आणि जुन्याचं काय

फाइल टाकताना मूडल लेखक आणि परवाना विचारतं. तिथं बाईंनी स्वतः काढलेल्या चित्राला बाईंचं नाव, दुसरीकडून घेतलेल्याला त्यांचं. सहलीच्या व्हिडिओत पोरांचे चेहरे असतील तर पालकांना विचारल्याशिवाय तो कोर्सच्या बाहेर कुणाला दिसेल असा ठेवू नका, आणि पोरांची पूर्ण नावं वर्णनात घालायचीच नाहीत.

पुस्तक बदललं की जुना धडा काढून टाकायची घाई सगळ्यांना असते. काढू नका, लपवा. धडा नुसता वाचायचा असेल तर एक वेळ चालेल, पण स्वाध्याय किंवा चाचणी काढली की पोरांची उत्तरं आणि गुणही त्याबरोबर जातात. डोळ्याच्या खुणेवर टिचकी मारली की पोरांना दिसायचं बंद होतं, आपल्याला दिसतं. आम्ही शीर्षकाच्या शेवटी 'जुना' लिहितो आणि वर्ष घालतो.

शाळा सुरू झाली की एक दुपार मी एवढंच करते. आठवीतली एक पोरगी बसवते, हातात तिच्याच घरचा फोन, आणि तीन गोष्टी शोधायला सांगते. मी बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, हे फार जड जातं. या वर्षी एडूरची का येळ्ळूरची एक होती, तिनं राणीचा धडा शोधताना 'राणी चनमा' टाकलं, एकच न, एकच म. माझ्या वहीत चार रूपं होती, हे पाचवं. काहीच आलं नाही म्हणून तिनं माझ्याकडं बघितलं. मी वही पुढं ओढली आणि उजव्या बाजूला लिहून घेतलं.