तळ्यातला शिकारी पाणभुंगेरा कसा ओळखावा

पावसाळ्यात रात्री अंगणातल्या दिव्याखाली कधी दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचा, काळपट हिरवा, गुळगुळीत भुंगेरा येऊन आपटतो. कडेला पिवळी किनार असेल तर तो बहुधा पाणभुंगेरा, तळ्यातला पट्टीचा शिकारी. नाव शोधायची घाई करू नका. आधी त्याला पाण्यात सोडा. रंगापेक्षा वागण्यातून जास्त कळतं.

१. पांढऱ्या टबात तळ्याचंच पाणी घ्या. भुंगेरा दोन्ही बाजूंनी अलगद धरा, तो कडकडून चावतो.

२. पोहणं बघा. मागचे केसाळ पाय दोन्ही एकदम वल्ह्यांसारखे मारत असेल तर तो डायटिसिडी कुळातला, म्हणजे आपला पाणभुंगेरा. पाय आळीपाळीने हलत असतील तर तो हायड्रोफिलिडी या दुसऱ्या कुळातला. पाण्यावर गरगर फिरणारे भुंगेरे तिसऱ्याच कुळातले.

३. आता श्वास. आपला भुंगेरा पार्श्वभाग वर काढून पंखांखाली हवा साठवतो. हायड्रोफिलिडी डोक्याकडून वर येतो.

४. भिंगातून मिशा पाहा. इथेच बहुतेकांची चूक होते. हायड्रोफिलिडीच्या खऱ्या मिशा आखूड आणि टोकाला गदेसारख्या फुगीर असतात. तोंडाजवळचे लांब स्पर्शक मात्र मिशांसारखे दिसतात आणि फसवतात. पाणभुंगेऱ्याच्या मिशा दोऱ्यासारख्या सडपातळ असतात. शंका राहिलीच तर उलटा करून बघा: मोठ्या हायड्रोफिलिडीच्या छातीखाली लांब काटा असतो, आपल्या पाणभुंगेऱ्याला तो नसतो.

५. पुढचे पाय तपासा. पंजा पसरट, खाली चोषक चकत्या असतील तर नर. मीलनाच्या वेळी मादीला धरून ठेवायला त्या असतात.

इतकं जुळलं की मांडणी अशी: गण कोलिऑप्टेरा (सगळे भुंगेरे यातच), उपगण अ‍ॅडेफॅगा, कुळ डायटिसिडी, आणि आकार व पिवळ्या किनारीवरून प्रजाती (जीनस) सायबिस्टर. या कुळात जगभर चार हजारांहून अधिक जाती आहेत. भारतात आढळणारी सायबिस्टर ट्रायपंक्टेटस ही जाती ऑलिव्हिए या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १७९५ मध्ये नोंदवली. पण तिच्यासारखे दिसणारे भाऊबंद बरेच, त्यामुळे खात्री नराच्या जननांगांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्यावरच होते. ती सोय नसेल तर नुसतं ‘सायबिस्टर’ लिहिणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

वरून, खालून आणि पुढच्या पायाचा असे तीन फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. तारीख, गाव, पाण्याचा प्रकार लिहून ठेवा आणि भुंगेरा त्याच तळ्याकाठी सोडून द्या.