टाकी वाहतेय आणि मोबाइल म्हणतो पाऊण: घरच्या वायरलेस सेन्सरमधल्या या चुका टाळा

"अरे, टाकी भरून वाहतेय आणि तुझं मशीन म्हणतंय पाऊणच आहे!" पहाटे साडेपाचला आईची हाक आली. नळाला पाणी येण्याची आमच्याकडची वेळ तीच. मी मोटर बंद केली आणि लॅपटॉप उघडून कोड वाचायला बसलो. तीन दिवस वाचला. कोडमध्ये चूक नव्हतीच.

टाकीच्या झाकणाला मी जेएसएन-एसआर०४टी हा पाण्याला न घाबरणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला होता. सेन्सर आवाज सोडतो, पाण्यावरून परत आलेला आवाज ऐकतो आणि अंतर सांगतो. पण वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं याला मोजता येत नाही. स्वतःचीच थरथर थांबलेली नसते, तोवर पहिला प्रतिध्वनी येऊन गेलेला असतो. मग पाणी, झाकण, पुन्हा पाणी अशी दुसरी-तिसरी फेरी मारून आलेला आवाज तो खरा धरतो. पाणी १५ सेंटिमीटरवर असताना माझा सेन्सर कधी ३० सांगायचा, कधी ४५. म्हणून टाकी 'पाऊण'. उपाय दोन. एक, अंतर ३० सेंटिमीटर झालं की मोटर थांबवायची आणि वरच्या तेवढ्या पाण्यावर पाणी सोडायचं. दोन, अगदी वर एक साधा फ्लोट स्विच (पाण्याबरोबर तरंगणारा स्विच) लावायचा. मी दोन्ही केलं.

तेव्हापासून काही बिघडलं की कोड शेवटी उघडतो. आधी वायर, वीज आणि पाणी.

बोर्ड आपोआप रीस्टार्ट होतो

बोर्ड म्हणजे सेन्सर वाचून आकडा वाय-फायवरून पाठवणारी ईएसपी३२ किंवा ईएसपी८२६६ चिपची छोटी पाटी. सगळ्यात जास्त डोकं खाणारा आजार हाच. टेबलावर सगळं छान चालतं, गच्चीवर नेलं की बोर्ड वाय-फायला जोडताना मान टाकतो. ईएसपी३२ असेल तर सीरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश लॅपटॉपवर दाखवणाऱ्या खिडकीत) 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड', म्हणजे व्होल्टेज कमी पडलं, असं सरळ लिहून येतं. ईएसपी८२६६ तेवढंही सांगत नाही. त्याचे सुरुवातीचे संदेश ७४८८० या वेगाने येतात, म्हणून ११५२०० वर ठेवलेल्या मॉनिटरवर नुसता कचरा दिसतो आणि माणसाला वाटतं चिप गेली.

माझ्याकडे झालं असं. घरातून गच्चीपर्यंत १५ मीटर अंतर. जुनी टेलिफोनची वायर पडून होती, ती ओढली आणि खालून ५ व्होल्ट दिले. वर मल्टीमीटर लावला तर ४.८ व्होल्ट. मग काय हरकत? हरकत अशी, की ती तार अर्ध्या मिलिमीटर जाडीची. जाऊन-येऊन ३० मीटर तांबं, म्हणजे साधारण अडीच ओहम. बोर्ड निवांत असताना ७०-८० मिलिअँपिअर ओढतो, तेव्हा वायरमध्ये पाव व्होल्टही पडत नाही. वाय-फायवर पाठवताना क्षणभर ३०० मिलिअँपिअरच्या वर जातो, तेव्हा पाऊण व्होल्टच्या वर पडतो आणि बोर्डाला मिळतात चार-सव्वाचार. बोर्डावरच्या एएमएस१११७ रेग्युलेटरला ३.३ व्होल्ट द्यायला निदान ४.४ लागतात. तो क्षण इतका छोटा असतो, की मल्टीमीटरला दिसतच नाही.

आता वर १२ व्होल्ट नेतो आणि बोर्डाजवळ बक कन्व्हर्टर लावून ५ करतो. कन्व्हर्टरचा स्क्रू फिरवून मल्टीमीटरवर ५ दिसल्याशिवाय पुढे बोर्ड जोडू नका. मी एकदा घाईत जोडला आहे. ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की उरलेसुरले झटकेही तो गिळतो.

आणि हो, बोर्ड लॅपटॉपला दिसतच नसेल तर ड्रायव्हर शोधण्याआधी केबल बदलून बघा. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. घरोघरी अशा केबल पडलेल्या असतात.

बॅटरी आठवड्यात संपते

ईएसपी८२६६ ची चिप डीप स्लीपमध्ये (गाढ झोपेत) २० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते, हे वाचून आपण हिशेब मांडतो: वर्षभर चालणार! पण नोडएमसीयू या ईएसपी८२६६ च्या तयार बोर्डावर रेग्युलेटर आणि यूएसबीची चिप झोपत नाहीत. दोघं मिळून काही मिलिअँपिअर पितात. १० मिलिअँपिअर धरले तरी २००० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी आठ-नऊ दिवसांत रिकामी. बॅटरीवर चालवायचं असेल तर नुसतं ईएसपी मॉड्यूल आणि कमी ड्रॉपआउटचा, स्वतःही अगदी कमी वीज पिणारा रेग्युलेटर घ्या. डी० पिन रीसेटला जोडायला विसरलात तर बोर्ड झोपेल तो उठणारच नाही. उलट, कोड अपलोड होत नसेल तर हीच तार तात्पुरती काढून बघा.

लाइट गेली, आली आणि सगळं थांबलं

आपल्याकडचा खरा परीक्षक म्हणजे भारनियमन. तीन वेगवेगळे घोटाळे इथे एकाच चेहऱ्याने येतात.

पहिला पिनांचा. नोडएमसीयूवर चालू होताना डी३ आणि डी४ वर व्होल्टेज असावं लागतं आणि डी८ वर नसावं लागतं. डी८ ला रिले मॉड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) लावलं आणि त्याने पिन वर खेचली, की बोर्ड बूटच होत नाही. चालू बोर्डाला तुम्ही नंतर वायर जोडली असेल तर संध्याकाळभर सगळं उत्तम चालतं. रात्री लाइट जाऊन आली की मेलं. रिलेला डी१, डी२, डी५, डी६ या पिना बऱ्या.

दुसरा राउटरचा. बोर्ड सेकंदात उठतो, राउटरला उठायला एक-दोन मिनिटं लागतात. कोडमध्ये 'दहा वेळा प्रयत्न करून सोडून दे' असं लिहिलेलं असेल तर बोर्ड कायमचा रुसून बसतो. प्रयत्न चालूच ठेवायचे, पण त्यासाठी बाकीचं काम अडवून ठेवायचं नाही.

तिसरा धोक्याचा आहे. माझे बोर्ड एमक्यूटीटी या पद्धतीने संदेश पाठवतात; ते इकडून तिकडे पोचवणारा मधला प्रोग्रॅम म्हणजे ब्रोकर. मोटरला 'चालू' असा एमक्यूटीटी संदेश पाठवताना मी रिटेन लावलं होतं. रिटेन म्हणजे ब्रोकर शेवटचा संदेश जपून ठेवतो आणि नवीन येणाऱ्याला लगेच देतो. आम्ही सगळे लग्नाला गेलेलो, घराला कुलूप. दुपारी लाइट गेली, आली, बोर्ड उठला, ब्रोकरने त्याला जपून ठेवलेला 'चालू' दिला आणि मोटर सुरू. हौदात पाणी नव्हतं. शेजारच्या काकांनी आवाज ऐकून बाहेरचा मेन बंद केला म्हणून मोटर वाचली. सेन्सरच्या स्थितीला रिटेन ठीक, हुकमाला कधीही नको. बोर्ड उठला की रिले बंदच असला पाहिजे. टाकीकडून मिनिटभर आकडा आला नाही तर मोटर बंद. काहीही झालं तरी अर्ध्या तासाच्या वर मोटर नाही. हे शेवटचे दोन नियम मोटरजवळच्या बोर्डातच लिहा, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणाऱ्या होम असिस्टंट या घर सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या भरवशावर सोडू नका. मेमरी कार्ड बिघडलं की तोही बसतो.

एमक्यूटीटी १९९९ मध्ये जन्मला तो तेलाच्या पाइपलाइनवरची माहिती उपग्रहामार्फत आणण्यासाठी. तुटणारी जोडणी त्यात गृहीतच धरलेली आहे. 'लास्ट विल' नावाची सोय त्यासाठीच: बोर्ड गायब झाला की त्याच्या वतीने ब्रोकरच 'मी गेलो' असं कळवतो. फुकट मिळतंय, लावा.

दोन बोर्ड आळीपाळीने जोडले-तुटले जात असतील तर दोघांचा क्लायंट आयडी (ब्रोकरला सांगितलेलं नाव) बघा. एकाच नमुन्यावरून उचललेला कोड, एकच नाव. दुसरा आला की ब्रोकर पहिल्याला हाकलतो, पहिला परत येतो, दुसऱ्याला हाकलतो. मी यापायी राउटर बदलायला निघालो होतो.

रेंज मिळत नाही

ईएसपी८२६६ ला ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय दिसत नाही, फक्त २.४. राउटरवर दोन्हींना एकच नाव असेल आणि जोडणी होत नसेल तर २.४ ला वेगळं नाव देऊन बघा. बोर्डाच्या टोकाला नागमोडी रेघ असते तोच अँटेना. तो पत्र्याच्या डब्यात कोंडला किंवा भरलेल्या टाकीला टेकवला तर रेंज मिळणार कशी? स्लॅबच्या दोन मजल्यांपलीकडे किंवा शेतातल्या विहिरीपर्यंत जायचं असेल तर लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ) घ्या. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाला मॉड्यूल घेताना ९१५ चं उचलू नका. ८६८ चं घेऊन कोडमध्ये वारंवारिता खाली आणा. साध्या तारेचा अँटेना करायचा तर लांबी साधारण ८.६ सेंटिमीटर. अँटेना न लावता संदेश पाठवू नका, मॉड्यूलचा पाठवणारा भाग जळू शकतो.

पाच व्होल्टचा घास

एचसी-एसआर०४ या दुसऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरची एको पिन ५ व्होल्ट बाहेर टाकते, ईएसपीला ३.३ पचतात. १ किलो-ओहम आणि २ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करा. 'माझं तसंच चालतंय' म्हणणारे भेटतात. चालतं, काही दिवस.

डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर ८५ दाखवत असेल तर त्याने अजून मोजलेलंच नाही. उणे १२७ दाखवत असेल तर वायर सुटली आहे किंवा ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर राहिला आहे. मातीची ओल मोजणारे दोन दातांचे स्वस्त सेन्सर सतत चालू ठेवले तर दात गंजून झडतात. कपॅसिटिव्ह प्रकारचा घ्या.

२३० व्होल्टची बाजू

निळ्या रिलेवर '१० अँपिअर' छापलेलं असतं, म्हणून एक हॉर्सपॉवरची मोटर थेट त्यावर घेऊ नका. चालताना ती त्यात बसते, पण सुरू होताना कितीतरी पट जास्त ओढते. रिलेचे पॉइंट चिकटतात. मग रिले 'टिक' करून बंद झाल्यासारखा वाटतो आणि मोटर चालूच राहते. रिलेने कॉन्टॅक्टर (मोटरचा भार पेलणारा मोठा स्विच) चालवायचा आणि कॉन्टॅक्टरने मोटर. हे काम वायरमनकडून करून घ्या. माझी हौस रिलेच्या अलीकडे संपते.

पावसाळा

मामांचं घर रत्नागिरीला. तिथे ब्रेडबोर्डवरचा (सोल्डर न करता नुसत्या वायरी खोचलेला) माझा सेन्सर जूनमध्ये लावला, ऑगस्टमध्ये जंपरच्या पिना हिरव्या. बाहेर लावायचं ते सोल्डर केलेलंच हवं. डब्याला भोक खालून पाडा, वरून किंवा बाजूने नको. वायर डब्यात शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घ्या, म्हणजे पाणी झोळावरून टपकतं, आत जात नाही. आणि भोक वायरीपेक्षा मोठं ठेवू नका, वायरीभोवती घट्ट बसणारी केबल ग्लँड लावा. मी नुसता कापूस कोंबला होता. गणपतीत झाकण उघडलं तर कापूस मुंग्यांनी नेलेला आणि रेग्युलेटरच्या उबेला पालीची दोन अंडी.