गुठळी काढल्यावर रुग्ण बिघडला तर: रक्तस्राव की कॉन्ट्रास्टचा त्रास?

पक्षाघातात (स्ट्रोक) थ्रॉम्बेक्टॉमीने, म्हणजे नळीवाटे गुठळी काढून, मेंदूची रक्तवाहिनी मोकळी झाली, तरी क्वचित काही तासांत रुग्ण गोंधळतो, झटके येतात, दिसेनासं होतं किंवा लुळेपणा वाढतो. एनआयएचएसएस (पक्षाघाताची तीव्रता मोजणारा गुणांक) ४ किंवा अधिक गुणांनी वाढला की वाट पाहू नका. रक्तातली साखर तपासा आणि लगेच साधा (कॉन्ट्रास्ट न देता) सीटी करा.

सीटीवर पांढरं दिसलं म्हणजे रक्तच, असं धरू नका. इजा झालेल्या मेंदूत आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट (वाहिन्या दिसाव्यात म्हणून प्रक्रियेत दिलेलं द्रव्य) झिरपतो आणि तोही पांढराच दिसतो. ड्युअल-एनर्जी सीटीत (दोन वेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरणाऱ्या) आयोडीन वेगळं ओळखता येतं. ती सोय नसेल तर २४ तासांनी पुन्हा सीटी करा: कॉन्ट्रास्ट बहुधा २४ ते ४८ तासांत ओसरतो, रक्त टिकतं. ॲस्पिरिन कधी सुरू करायचं हे रक्त आहे की कॉन्ट्रास्ट यावरच ठरतं, म्हणून इथे घाई नको.

कॉन्ट्रास्टजन्य एन्सेफॅलोपॅथी (कॉन्ट्रास्टमुळे मेंदूचं काम तात्पुरतं बिघडणं) दुर्मीळ आहे. रक्तस्राव आणि वाहिनी पुन्हा बंद होणं वगळल्यावरच हे निदान करा. हृदय-मूत्रपिंडाला झेपेल ते पाहून शिरेतून सलाईन, झटक्यांवर लेव्हेटिरासिटाम (झटके थांबवणारं औषध) द्या. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत उतार पडतो.

रक्तदाब पहिले २४ तास १८०/१०५ च्या आत ठेवा. मात्र वरचा आकडा मुद्दाम १४० खाली ओढू नका. वाहिनी उघडलेल्या रुग्णांत त्याने नुकसान झाल्याचं चाचण्यांत दिसलं आहे.