खलनायक माणसात येतो, नायक माणसातून उठतो: अशी गोष्ट कशी बांधायची

इथली मांडणी १६ पानांच्या सहा प्रकरणांची, म्हणजे ९६ पानांच्या कॉमिकची आहे. पानाला सरासरी पाच चौकटी धरल्या तर ४८० चौकटी होतात आणि तेवढ्यात दोन माणसं उलटीपालटी करायची. जागा वाटते त्यापेक्षा फार कमी आहे. १६ हा आकडा छपाईसाठी धरला आहे. फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेला पानांचा गठ्ठा, १६ पानांचा बसतो, सतरावं पान आलं की खर्चही वाढतो आणि मागे कोरी पानंही राहतात.

लिहायला बसण्याआधी एक नमुना नीट उलगडून बघावा. त्यासाठी 'हंटर × हंटर'च्या २०११ ते २०१४ मध्ये आलेल्या १४८ भागांच्या जपानी ॲनिमे मालिकेतलं चिमेरा अँट प्रकरण घ्या, भाग ७६ ते १३६. (पुढे त्याचा शेवट फुटणार आहे. पाहिलं नसेल तर आधी बघून या.) पाहिलेलं असेल तर ११६, १२६, १३१ आणि १३५ हे चार भाग हातात वही घेऊन पुन्हा बघा. पानाच्या मधोमध रेघ मारा, डावीकडे मुंग्यांचा राजा मेरुएम, उजवीकडे मालिकेचा नायक गॉन. 'वाईट वाटलं', 'राग आला' असलं काही लिहायचं नाही. फक्त तीन गोष्टी टिपायच्या: कोण कुणाला कसं हाक मारतो, कोण कुणासाठी थांबतो, आणि कशाची किंमत कोण मोजतो.

डावी बाजू भरताना लक्षात येतं की मेरुएमला बालपणच नाही. तो जन्मतो तोच पूर्ण वाढलेला आणि क्रूर. त्यामुळे 'लहानपणी त्याच्यावर अन्याय झाला होता' ही पळवाट लेखकाला मिळतच नाही. पटावरचे खेळ तो शिकतो, त्या त्या खेळातल्या उस्तादांना हरवतो आणि ठार मारतो. मग गुंगी नावाच्या खेळात कोमुगी ही आंधळी मुलगी समोर बसते आणि ती हरतच नाही. तो पैज लावतो: मी जिंकलो तर तुझा डावा हात. ती सांगते, माझा तर प्रत्येक डावाला जीवच पणाला असतो. यावर तो स्वतःचाच डावा हात उपटून टाकतो. इथे कुणी उपदेश केलेला नाही, कुणी रडलेलंही नाही. जिथे ताकद चालत नाही अशा जागी ताकदवान माणूस बसवला, एवढंच लेखकाने केलं आहे.

उजवी बाजू उलटी भरत जाते. गॉन त्याच्या गुरूसारख्या काइटसाठी आलेला असतो, म्हणजे कारण चांगलंच आहे. पण काइटचा जीव घेणारी, मेरुएमची अंगरक्षक पिटू जखमी कोमुगीवर उपचार करत असताना तो त्या मुलीच्याच जिवाची धमकी देतो आणि जिवलग किलुआला सुनावतो, तुझं बरं आहे, तुझा याच्याशी संबंध नाही. भाग १३१ मधलं त्याचं अक्राळविक्राळ रूप सगळ्यांच्या लक्षात राहतं. खरी घसरण मात्र किलुआला बोललेल्या त्या एका वाक्यात, ११६ मध्येच होऊन गेलेली असते. वहीत दोन्हींखाली रेघ मारून ठेवा, कारण आपल्या गोष्टीतही मोठा स्फोट आणि खरी घसरण वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवायची आहे.

आता आपली गोष्ट. उदाहरणाला सोलापूरचा पूर्व भाग, म्हणजे विणकरांची वस्ती घेऊ. इरण्णाशेठ व्याजाने पैसे देतो. श्रीनूच्या वडिलांनी त्याच्याकडून २०,००० रुपये घेतले, शेकडा दहा महिन्याला. तीन वर्षांत ७२,००० नुसतं व्याज गेलं, मुद्दल जागच्या जागी. घरातले चारही लूम (यंत्रमाग) शेठने उचलून नेले. हा हिशेब पहिल्याच प्रकरणात वहीच्या पानासारखा, आकड्यांसकट काढा. 'सावकाराने लुबाडलं' या वाक्यावर वाचक पान उलटतो, ७२,००० या आकड्यावर थांबतो.

श्रीनूचा गुण ठरवताना घाई नको, कारण नायक ज्या गुणामुळे आवडतो त्याच गुणाने त्याला बुडवायचं असतं. श्रीनू हिशेब विसरत नाही, हा त्याचा गुण. पहिल्या प्रकरणात तो बापाचा हिशेब मांडतो. दुसऱ्यात गल्लीतल्या बाकी कर्जदारांची नावं त्यांना न विचारता उतरवून घेतो. तिसऱ्यात एका घराला खोटंच सांगतो की शेठ या आठवड्यात येणार नाही, म्हणजे ते घर सोडून जाणार नाहीत आणि वसुलीवेळी तमाशा होईल. चौथ्यात वसुलीच्या पोऱ्याला लोक मारतात आणि हा शेजारी उभा राहून तारीख लिहून घेतो. प्रत्येक पायरीचं समर्थन करता आलं पाहिजे, निदान पहिल्या तीन पायऱ्यांचं तरी. नवखे लेखक इथे हमखास घसरतात: कुणाला तरी मारून टाकतात आणि नायक एका रात्रीत सैतान होतो. तो बदल नव्हे, अपघात. अपघाताला वाचक माफ करून मोकळा होतो.

शेठच्या बाजूला अशी जागा हवी जिथे त्याचा धाक चालत नाही. पटावरचा खेळ पुन्हा आणला तर ती नक्कल होईल. आपल्याकडे त्याहून मोठी सत्ता आहे, नळाची. काही दिवसांआड पाणी येतं, तेही तासभर. राजम्मा विड्या वळते, तिच्या घराला कुलूप लावायला शेठ नेमका पाण्याच्या दिवशी पोचतो. ती भांडत नाही, पाया पडत नाही. "बघत काय बसला शेठ, पाइप धरा की. पाणी जायलंय." आणि तो धरतो. हे दुसऱ्या प्रकरणातलं दृश्य सलग चार पानांचं करा. पहिल्या पानावर पिंप रिकामं, दुसऱ्यावर अर्धं, तिसऱ्यावर शेठची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, चौथ्यावर नळ गेलेला आणि दोघंही दमून ओट्यावर. एकूण संवाद सहा-सात वाक्यांपेक्षा जास्त नको. कुलूप त्याच्या खिशातच राहिलेलं एका छोट्या चौकटीत दाखवा. तो कुलूप न लावता परत जातो हे शब्दांत सांगू नका.

तिसऱ्या प्रकरणात तो पुन्हा येतो, या वेळी काही कारण नसताना. ती साच्याच्या मापाने कापलेलं पान पुढे सरकवते. तो तंबाखू जास्त भरतो, पान फाटतं. पुन्हा भरतो, आता वळलेली विडी पोकळ. ती चिमटीत धरून बघते आणि बाजूला टाकते: "छाट." ज्याने आयुष्यभर लोकांना मोडीत काढलं त्याला कुणीतरी दोन अक्षरांत मोडीत काढलं. इथे हातांच्या जवळून तीन तरी चौकटी काढा: तिची सवयीने चालणारी बोटं, त्याच्या अंगठीत अडकणारा दोरा, टाकून दिलेली विडी. चेहऱ्याची चौकट काढूच नका.

मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती एक हत्यार असतं, हाक. जपानीत मेरुएम स्वतःला राजेशाही 'यो' म्हणवतो, भाषांतरात ते बहुतेक विरून जातं. आपल्याकडे अरेतुरे आणि अहोजाहो प्रत्येक वाक्याच्या क्रियापदात बसलेलं असतं. शेठ पहिल्या प्रकरणात "ए म्हातारे", दुसऱ्यात "राजम्मा", तिसऱ्यात काहीच नाही (काय म्हणावं ते त्याला सुचत नाही, म्हणून वाक्य हाकेशिवाय सुरू होतं), चौथ्यात "अम्मा". श्रीनू उलट्या दिशेने: "इरण्णाकाका", मग "शेठ", मग तिऱ्हाइतासारखं "तो", आणि शेवटी तोंडावर "ए". 'बे' जपून वापरा. सोलापुरात मित्राला म्हटलं तर माया, वडीलधाऱ्याला म्हटलं तर भांडण. श्रीनू वडिलांच्या वयाच्या माणसाला पहिल्यांदा 'बे' म्हणतो ती चौकट एकदाच यावी. संवाद लिहून झाले की फक्त हाका वेगळ्या कागदावर उतरवून काढा. नुसत्या हाका वाचून गोष्ट कळत नसेल तर संवाद कच्चे आहेत.

तिसरं पात्र लागतंच: किलुआसारखा साक्षीदार. इथे तौफिक, श्रीनूचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं काम फक्त प्रश्न विचारायचं. त्याने भाषण ठोकलं की वाचकाच्या वाटचा निर्णय लेखकाने घेतला असं होतं. दर प्रकरणात त्याला एक प्रश्न द्या आणि श्रीनूची उत्तरं आखूड करत न्या. पाचव्या प्रकरणात उत्तर येतच नाही.

ते पाचवं प्रकरण म्हणजे दोघांची फुली, वर येणारी शेठची आणि खाली जाणारी श्रीनूची रेघ इथे एकमेकींना छेदतात. गड्ड्यातली, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतली शोभेच्या दारूकामाची रात्र घ्या. सगळं गाव होम मैदानाकडे, आवाज असा की गल्लीतली आरोळी गल्लीतच मरते. श्रीनू शेठच्या सुताच्या गोदामाला आग लावायला निघतो. तौफिक विचारतो, "आत कोण असंल तर?" पुढची चौकट: काडीपेटी. आतल्या राखणदाराला पहिल्या प्रकरणात शेठ "ओय" म्हणत असतो, आता तो त्याचं नाव घेऊन ओरडत धुरात शिरतो. हे नाव चौथ्या प्रकरणात कुठेतरी सहज येऊन गेलेलं असू द्या, नाहीतर इथे ते आकाशातून पडल्यासारखं वाटेल. एक सावधगिरी: नंदीध्वज, संमती कट्ट्यावरच्या अक्षता, दारूकाम यांचा क्रम गोष्टीच्या सोयीने फिरवू नका. इथलं शेंबडं पोरही ती चूक काढेल.

फुलीच्या प्रसंगासाठी दुसरा नमुना 'अटॅक ऑन टायटन'च्या चौथ्या पर्वातला पाचवा भाग. (इथेही गोष्ट फुटते.) तळघरात रायनर, म्हणजे नायक एरेनच्या गावावर हल्ला करणाऱ्यांपैकी एक, गुडघ्यावर कोसळलेला आणि एरेन त्याला शांतपणे सांगतो, मीही तुझ्यासारखाच. मग वर निरपराध माणसं मरतात, पहिल्या भागात एरेनच्या गावात मेली होती तशीच. गोष्टीच्या सुरुवातीला खलनायकाने केलेली कृती नायकाकडून पुन्हा करवून घेणं ही युक्ती कधीच फसत नाही. आपल्याकडे शेठने लूम भंगारात घालून एका घराची चूल विझवली होती. गोदाम जळालं की तिथल्या रोजंदारीवाल्या किती घरांची विझते, हे सहाव्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर दाखवा.

शेठला माफी मात्र देऊ नका. त्याचे हात भाजले, मान्य. ७२,००० परत आलेले नाहीत. राजम्मा त्याला पाणी देईल, पण श्रीनूच्या बापाने उठून गळाभेट घेतली की सगळं मुसळ केरात. माणूसपण आलं म्हणून हिशेब मिटत नाही. उलट आता कुठे त्याला तो टोचायला लागतो. मेरुएमही वाचत नाही. त्याच्याशी लढणाऱ्या म्हाताऱ्या नेतेरोच्या बॉम्बचं विष त्याला गाठतंच.

चित्रातल्या काही गोष्टी झटपट. शेठ सुरुवातीला खालून वर बघितल्यासारखा काढा, तिसऱ्या प्रकरणापासून डोळ्यांच्या पातळीवर आणा. श्रीनूचं उलट करा. ॲनिमेत डोळ्यातला पांढरा ठिपका काढून टाकला की माणूस आतून विझल्यासारखा दिसतो. तो ठिपका श्रीनूच्या डोळ्यांतून चौथ्या प्रकरणाच्या शेवटी एकदाच काढा आणि परत देऊ नका. दर पानाला गायब करून पुन्हा आणला तर तो नुसता छपाईचा दोष वाटतो.

अक्षरं आधी बसवा, फुगा नंतर काढा. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.३ ते १.५ पट ठेवा. इंग्रजी कॉमिकच्या मापाने फुगा आधी काढला की 'कुठं' चा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांच्या पुढे जाऊ नका. जुन्या फोटोशॉपमध्ये टाइपची मांडणी 'वर्ल्ड-रेडी' केली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटतात. पूर्ण पान करण्याआधी 'विडी', 'श्रीनू', 'तौफिक' हे तीन शब्द टाइप करून बघा.

कच्ची ९६ पानं झाली की ती एकमेकांशी न बोललेल्या तिघांना द्या आणि एकच काम सांगा: श्रीनूची बाजू जिथे सोडावीशी वाटली त्या पानावर पेन्सिलने फुली मारा. फुल्या तिसऱ्या ते पाचव्या प्रकरणात विखुरलेल्या आल्या तर पायऱ्या बरोबर पडल्या आहेत. तिघांचीही फुली काडीपेटीच्याच पानावर आली तर आधीच्या पायऱ्या कुणाला दिसलेल्याच नाहीत. मग दुसऱ्या प्रकरणातलं ते नावं उतरवून घेण्याचं दृश्य पुन्हा हाती घ्या आणि त्याला त्याच १६ पानांतलं अजून एक पान द्या.