फिस्टुलासाठी हाताचा ब्लॉक: किडनीच्या रुग्णात कुठे लक्ष द्यायचं

फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी शिरेला जोडणं, नुसत्या लोकलवरही (छेदाच्या जागी टोचलेल्या भुलीवर) होतो. पण ब्रेकियल प्लेक्सस (हाताच्या नर्व्हचं जाळं) ब्लॉकने रक्तवाहिन्या आवळणारे सिम्पथेटिक तंतूही बधिर होतात, शीर फुगते, स्पाझम टळतो. ग्लासगोतल्या 126 रुग्णांच्या चाचणीत (2016) तीन महिन्यांनंतर ब्लॉक दिलेल्यांपैकी 84 टक्के फिस्टुला चालू होते, लोकलवाल्यांत 62 टक्के. त्यामुळे इथे ब्लॉक नीट बसवण्यावर वेळ घालवणं सार्थकी लागतं.

आधी विचारा: शेवटचं डायलिसिस कधी, हेपरिन दिलं होतं का? दिलं असेल तर 4 ते 6 तास थांबा आणि एपीटीटी (रक्त गोठण्याची चाचणी) बघा. प्लेटलेटचा आकडा चांगला असला तरी युरेमियात (किडनी बंद पडून रक्तात साचलेल्या विषारी द्रव्यांमुळे) त्या धड काम करत नाहीत, म्हणून दाबून रक्त थांबवता येईल अशी जागा बरी. पोटॅशियम ताजं हवं. बोटांना आधीपासून मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर केसपेपरवर लिहून ठेवा. नाहीतर नंतर दोष ब्लॉकवर येतो.

जागा छेदावरून ठरवा. मनगटाच्या किंवा कोपराच्या फिस्टुलाला काखेतला ब्लॉक पुरतो. सुप्राक्लॅव्हिक्युलरमध्ये (गळपट्टीच्या हाडावरून दिलेल्या ब्लॉकमध्ये) डायफ्राम हलवणारी फ्रेनिक नर्व्ह बधिर होऊ शकते. पाणी साचलेल्या, आडवं झोपता न येणाऱ्या रुग्णाला अर्धा डायफ्राम गमावणं परवडत नाही. बॅसिलिक शीर वर आणायची असेल तर काखेजवळ त्वचेखाली इंटरकॉस्टोब्रेकियल नर्व्हही बधिर करा. ती टी-2 मधून येते, प्लेक्ससमध्ये सापडत नाही.

आता डोस. बुपिव्हाकेन 2 मिग्रॅ प्रति किलो ही नेहमीची मर्यादा. या रुग्णांत रक्ताभिसरण वेगवान असल्याने औषध पटकन शोषलं जातं, ॲसिडोसिसमध्ये (रक्त आम्लधर्मी झाल्यावर) प्रथिनांना न चिकटलेलं मोकळं औषधही वाढतं. म्हणून पाव भाग कमी धरा. 50 किलोला 100 ऐवजी 75 मिग्रॅ, म्हणजे 0.5 टक्क्याचं 15 मिलि. लिग्नोकेन मिसळलं किंवा सर्जनने वरून लोकल टोचलं, तर तेही याच हिशेबात. विषारी परिणाम एकमेकांत मिळतात.

काखेत सोनोग्राफीचा लिनियर प्रोब ठेवा आणि मग दाब हळूच सोडा. दाबलेल्या शिरा पडद्यावर दिसतच नाहीत आणि सुई नेमकी त्यांत जाते. मध्यवर्ती शीर अरुंद झालेली असेल तर भोवती जाडजूड कोलॅटरल (पर्यायी शिरा) असतात, कलर डॉपलर लावून बघाच. नर्व्हवार वाटणी: रेडियल 4, मीडियन 4, अल्नार 3 मिलि. उरलेले 4 मिलि मस्क्युलोक्युटेनियसला. ही बहुधा बायसेप्स आणि कोराकोब्रेकियालिसच्या मध्ये, धमनीपासून लांब पडते. ही सुटली की सगळी बोटं बधिर, तरी मनगटावर ब्लेड लागताच रुग्ण हात ओढतो, कारण तिथली बाहेरच्या बाजूची त्वचा तिच्याच शाखेची. दर 3 मिलिला ॲस्पिरेट करा (पिस्टन मागे ओढून रक्त येतं का बघा). औषध पसरताना दिसलं नाही तर थांबा.

20 मिनिटं द्या. मग थंड बोळा अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत फिरवा, कोपर वाकवायला सांगा.

औषधाची विषबाधा झालीच तर उतारा म्हणून 20 टक्के लिपिड खोलीतच हवं: 1.5 मिलि प्रति किलो, 50 किलोला 75 मिलि, दोन-तीन मिनिटांत.

नंतर हात उशीवर, पट्टी सैल, त्या हाताला बीपीचा कफ नाही. बधिर हात अंगाखाली गेला तरी रुग्णाला कळत नाही, आणि बीपी घसरलं तर नवा फिस्टुला गोठतो; म्हणून दर तासाला थ्रिल (फिस्टुलावर जाणवणारी थरथर) हाताने तपासा. दुखल्यास पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक नको, मॉर्फिनही नको.