सेलकर्कच्या डोंगरात स्कीचा आठवडा: आधी चढायला शिका

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात सेलकर्क नावाची डोंगररांग आहे. तिथे रस्त्यापासून खूप आत, हिवाळ्यात हेलिकॉप्टरनेच पोचता येईल अशा जागी काही लॉज आहेत. शनिवारी आत जायचं, पुढच्या शनिवारी बाहेर यायचं. मधले दिवस गाईडबरोबर स्कीवर डोंगर चढायचा आणि त्याच स्कीवरून उतरायचा. लिफ्ट नाही, यंत्राने दाबून सपाट केलेला उतार नाही, फोनला रेंज नाही. मी मूळची नाशिकची, आता कॅलगरीत राहते आणि हिवाळाभर या आठवड्याची वाट पाहते. इथल्या मराठी ओळखीच्यांकडून आणि पुण्या-मुंबईच्या ट्रेकर मंडळींकडून ‘आम्हाला जमेल का?’ अशी विचारणा होत असते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

उतारावर तुम्ही किती झोकात वळता, यावर हा आठवडा ठरत नाही. दिवसाचे पाच-सहा तास चढण्यात जातात आणि सगळे उतार मिळून जेमतेम तासभर होतो. ज्याला एका लयीत, न धापता चढता येतं आणि माथ्यावर पटकन सामान बदलता येतं, तो शेवटच्या दिवसापर्यंत ताजा राहतो. उत्तम स्की करणारे पण चढणीची तयारी न केलेले लोक तिसऱ्या दिवशी लॉजमध्येच थांबलेले मी पाहिले आहेत. म्हणून तयारीचा मोठा वाटा चढणीसाठी ठेवा.

कधी जायचं, कोणाबरोबर जायचं

भुसभुशीत खोल बर्फ हवा असेल तर फेब्रुवारी. शिखरं गाठायची असतील तर मार्चअखेर ते एप्रिल, कारण तेव्हा दिवस मोठा असतो आणि हिमनद्यांवरच्या भेगा बर्फाच्या जाड थराखाली बऱ्याच झाकलेल्या असतात. झाकलेल्या म्हणजे भरलेल्या नव्हेत, त्याबद्दल पुढे सांगतेच. एप्रिलमध्ये ऊन कडक होतं, दक्षिणेकडचे उतार दुपारी ओले होऊन सुटतात, त्यामुळे पहाटे निघून दुपारच्या आत उतरावं लागतं.

गाईड एसीएमजी या कॅनडाच्या गाईड संघटनेचा प्रमाणित स्की गाईड किंवा माउंटन गाईड आहे ना, हे बुकिंगआधी विचारा. संघटना 1963 सालची, पण इथली गाईडची परंपरा त्याहून जुनी आहे. 1896 मध्ये रॉकी पर्वतातल्या माउंट लेफ्रॉयवर फिलिप अ‍ॅबट या गिर्यारोहकाचा मृत्यू झाला. त्यानंतर, 1899 मध्ये, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने स्वित्झर्लंडहून गाईड आणून सेलकर्कमधल्या ग्लेशियर हाउस या आपल्या हॉटेलात ठेवले. पुढे या गाईडांच्या कुटुंबांसाठी गोल्डन गावाच्या वरच्या अंगाला स्विस धाटणीची घरं बांधली. सेलकर्कच्या अनेक लॉजकडे जाणारं हेलिकॉप्टर याच गोल्डनहून उडतं. हवा उघडायची वाट पाहत थांबलात तर ती घरं जरूर बघून या.

भारतातून येणार असाल तर स्कीचं प्राथमिक शिक्षण मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेत किंवा गुलमर्गच्या आयआयएसएम या स्की आणि पर्वतारोहणाच्या संस्थेत घेता येतं. पण तेवढ्यावर थेट इथे येऊ नका. सपाट केलेल्या बर्फावर चांगलं जमायला लागल्यावर निदान एक हिवाळा मऊ, ओल्या, वरून पापुद्रा धरलेल्या अशा सगळ्या तऱ्हेच्या बर्फात उतरायची सवय करा. झोकदार वळणं नकोत. कुठल्याही बर्फावर, पाठीवर सॅक घेऊन, न पडता खाली येता आलं की पुरे. दर पडण्यामागे खोल बर्फातून उठायला किती ताकद जाते, ते एकदा अनुभवलं की याचं महत्त्व कळतं.

पायांची तयारी

रोज 1000 ते 1500 मीटर चढ धरून चाला. गट साधारण ताशी 300 मीटर या वेगाने चढतो. पुण्याच्या वाचकांसाठी हिशेब असा: सिंहगड पायथ्यापासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. पाठीवर सात-आठ किलो घेऊन तो एका दिवसात दोनदा चढता आला आणि दुसऱ्या दिवशी परत जावंसं वाटलं, तर पाय तयार आहेत. कॅलगरीकरांनी ब्रॅग क्रीकजवळच्या प्रेअरी माउंटनवर हाच सराव करावा.

बूट भाड्याने घेतलेत तरी काही आठवडे आधी पायात घालून घरात वावरा, जिने चढा, भांडी घासा. कुठे चावतो ते कळलं की फिटिंग करणाऱ्याकडून तिथली प्लॅस्टिकची कड गरम करून फुगवून घ्या. लॉजवर पोचल्यावर हे होत नाही. टाचेला गरम लागलं की तिथेच थांबून टेप लावायची. फोड आल्यावर लावलेली टेप उपयोगाची नाही. आणि रोज संध्याकाळी बुटाचं आतलं अस्तर काढून शेकोटीजवळ, पण शेकोटीला न चिकटवता, वाळवायचं.

स्किन, किक टर्न आणि माथ्यावरची पाच मिनिटं

स्कीच्या तळाला चिकटवायच्या केसाळ पट्टीला स्किन म्हणतात. केस एका दिशेला कलते असतात, त्यामुळे स्की पुढे सरकते आणि मागे घसरत नाही. चालताना पाय उचलायचा नाही, सरकवायचा. नवखा माणूस जिने चढल्यासारखी स्की उचलतो आणि तासाभरात मांड्या भरून येतात. पावलं छोटी ठेवा, वजन टाचेवर ठेवा. पुढे झुकलात की स्किनची पकड सुटते. बूट स्कीला अडकवणाऱ्या बाइंडिंगवर टाचेखाली एक आधार असतो, तो शक्यतो खालच्याच पायरीवर ठेवा. उंच आधार आरामाचा वाटतो, पण त्यानेही वजन पुढे जातं.

उभ्या चढावर वाट नागमोडी जाते आणि प्रत्येक कोपऱ्यावर किक टर्न घ्यावा लागतो. थांबा, पायाखालचा बर्फ दाबून सपाट करा, दोन्ही काठ्या भक्कम रोवा. वरच्या बाजूची स्की उचलून नव्या दिशेला ठेवा आणि सगळं वजन तिच्यावर टाका. मग दुसऱ्या पायाची टाच झटक्याने स्कीवर आपटा. टोक आपोआप वर उसळतं आणि स्की वळून शेजारी येते. तो झटका वेळेवर बसणं हेच यातलं कसब. घराजवळच्या बागेतल्या टेकाडावर हे शंभरदा करा, दोन्ही बाजूंनी.

माथ्यावर पोचल्यावरचा क्रम ठरलेला हवा. सगळ्यात आधी जाड जॅकेट अंगावर. घाम आलेलं अंग दोन मिनिटांत गार पडतं आणि मग बोटं चालत नाहीत. हातमोजे काढलेत तर जॅकेटच्या आत खुपसा, बर्फावर ठेवू नका. वारा ते घेऊन जातो. स्की सुटून दरीत जाणार नाही अशी आडवी रोवा. स्किन ओढून काढा, गोंदाची बाजू गोंदाला लावून घडी करा आणि ती छातीशी, जॅकेटच्या आत ठेवा. पुढच्या चढाईला गोंद गार असेल तर स्किन चिकटत नाही आणि सगळ्या गटाला थांबावं लागतं. मग बुटाची कळ उताराच्या बाजूला, बकल आवळलेले, बाइंडिंग उताराच्या स्थितीत, हेल्मेट, गॉगल. खाणं-पिणं शेवटी, उभ्या उभ्या. हे सगळं पाच मिनिटांत जमायला हवं. दिवसात पाच-सहा वेळा हा बदल होतो. प्रत्येक वेळी दहा मिनिटं जास्त लागली तर एक अख्खा उतार हातचा जातो.

बर्फ सुटला तर

हा भाग मनापासून वाचा. डोंगरावरचा बर्फ सुटून खाली येणं, म्हणजे हिमस्खलन, यावर काम करणारी अ‍ॅव्हलांच कॅनडा ही संस्था कॅनडात आहे. तिचा अभ्यासक्रम असलेला एएसटी-1 हा दोन दिवसांचा कोर्स केल्याशिवाय या आठवड्याला येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गाईड सोबत आहे म्हणून हे शिकायला नको, ही समजूत धोकादायक आहे. गाडला गेलेला माणूस गाईडच असला, तर त्याला शोधणार कोण? तुम्हीच.

बीकन (सतत संदेश पाठवणारं आणि शोधताना दुसऱ्याच्या बीकनचं अंतर आकड्यात दाखवणारं यंत्र), प्रोब (बर्फात टोचून माणूस शोधायची लांब घडीची काठी) आणि धातूचं फावडं, या तीन वस्तू प्रत्येकाकडे असतात. बीकन कपड्यांच्या आत, अंगाला बांधलेलं, निघण्यापासून परतेपर्यंत चालू. मोबाइल त्याच्यापासून किमान 20 सेंटीमीटर लांब, आणि शोध घेताना 50. गाडलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर आला तर वाचण्याची शक्यता खूप असते. त्यानंतर ती झपाट्याने घसरते. बाहेरून मदत येईपर्यंत एवढा वेळ उरत नाही, म्हणून आपला गटच मदत आहे. शेवटच्या तीन मीटरमध्ये बीकन बर्फाला टेकवून सावकाश फिरवा, सगळ्यात लहान आकडा जिथे येईल तिथून प्रोब गोल फिरवत टोचत जा, आणि प्रोब लागला की तो उपसू नका. खणायला उताराच्या खालच्या अंगाने सुरुवात करा. वरून सरळ खड्डा खणला तर बर्फ टाकायला जागा राहत नाही आणि खालच्या माणसावर आपलंच वजन येतं. पहिल्या दिवशी गाईड हा सराव घेतात. तो आटोपता घेऊ नका, पुन्हा करायला मागा.

रोज सकाळी न्याहारीच्या वेळी गाईड हवा, बर्फ आणि धोक्याची पायरी सांगतात. पायऱ्या पाच. तिसरी ऐकायला मधली वाटते, पण तिचा अर्थ माणसाच्या वजनाने बर्फ सुटण्याची शक्यता बरीच आहे असा आहे. ‘जानेवारीच्या अमुक तारखेचा थर’ असं काही कानावर पडेल. निरभ्र थंड रात्री बर्फावर पिसांसारखे स्फटिक उगवतात. त्यावर नवा बर्फ पडला की तो ठिसूळ थर आत गाडला जातो आणि कित्येक आठवडे कमकुवतच राहतो. गाडला गेला त्या तारखेवरून त्याला ओळखतात. सेलकर्कमध्ये गाईड ज्याची सर्वांत जास्त काळजी करतात, तो हा थर. तेव्हा समोर सुरेख उतार दिसत असताना गाईड ‘आज नाही’ म्हणाला, तर त्यामागे ही तारीख असते. कारण विचारा, ते आनंदाने सांगतात.

उतरताना ‘एकेक जण’, ‘माझ्या खुणेच्या डावीकडे राहा’, ‘माझ्या वर थांबा’ अशा सूचना येतात. त्या शब्दशः पाळायच्या. हिमनदीवर तर वाटेपासून पाच पावलंही बाजूला जायचं नाही, कारण झाकलेली भेग वरून दिसत नाही. बायकांसाठी मुद्दाम सांगते: आडोसा शोधत लांब जाऊ नका. गटाला पुढे पाठ करून उभं राहायला सांगा आणि वाटेवरच बसा. पहिल्या दिवशी संकोच वाटतो, दुसऱ्या दिवशी कोणालाच काही वाटत नाही.

ढग उतरले की वरचं काही दिसत नाही, आणि मग झाडीतून स्की होते. मोठ्या झाडांच्या बुंध्याभोवती भुसभुशीत बर्फाची पोकळी असते; तिच्यात डोकं खाली, पाय वर असं पडलात तर स्वतःहून निघणं जवळजवळ अशक्य. जोडीदार ठरवा आणि त्याला नजरेआड होऊ देऊ नका.

आणखी एक. पायाची बोटं बधिर झाली, गुडघा दुखायला लागला, दमलात, तर अकरा वाजता सांगा, तीन वाजता नाही. सकाळी सांगितलं तर गाईडला वाट बदलता येते. गटाचा खोळंबा नको म्हणून गप्प बसणारा माणूसच शेवटी सगळ्यांना अडचणीत आणतो.

खाणं आणि लॉज

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लिहून कळवा. सामान हेलिकॉप्टरने येतं, आयत्या वेळी काही मिळत नाही. आधी कळवलं तर स्वयंपाकी मन लावून करतात. दिवसभराचा खाऊ मात्र विचार करून न्या. चिक्की थंडीत दगड होते, दात सांभाळा. मी खजूर-तुपाचे छोटे लाडू नेते आणि आतल्या खिशात ठेवते. पाण्याची नळी असलेली पिशवी गोठते. साधी बाटली आणि थर्मास बरा. थर्मासमध्ये मीठ-साखर घातलेलं गरम कोकम नेऊन बघा, चहापेक्षा जास्त तरतरी येते.

सनस्क्रीन नाकाच्या आणि हनुवटीच्या खालूनही लावा, ऊन बर्फावरून उलटं येतं. लॉजमध्ये आत घालायच्या चपला, डोक्याला लावायचा दिवा आणि कानात घालायचे बोळे लागतात. संडास बहुधा बाहेर असतो. पाणी आणणं, लाकडं फोडणं, वाटेवरचा बर्फ ओढणं अशा कामांना हात लावा.

हेलिकॉप्टरशी वागण्याचे नियम कडक आहेत. सामान एका ढिगात ठेवून त्याच्याशेजारी वाकून बसायचं, खूण झाल्याशिवाय हलायचं नाही, शेपटीकडे कधीही जायचं नाही, स्की खांद्यावर न घेता कमरेच्या उंचीला आडवी धरायची. टोपी, मफलर आधीच सॅकमध्ये.

विमा घेताना हिमनदीवरचा प्रवास आणि हेलिकॉप्टरने सुटका हे दोन्ही शब्द कागदावर आहेत का, ते वाचून घ्या. हवा बिघडली तर हेलिकॉप्टर शनिवारी येत नाही, रविवारी येतं. त्यामुळे परतीचं विमान निदान दोन दिवस पुढचं काढा आणि औषधं त्या हिशेबाने जास्तीची घ्या. गोल्डनच्या पश्चिमेच्या रॉजर्स पास या घाटात तोफेने बर्फ पाडण्याचं काम चालू असेल तर महामार्ग काही तास बंद असतो, म्हणून व्हँकुव्हरच्या बाजूने येणाऱ्यांनी निघण्याआधी रस्त्याची स्थिती पाहावी. कॅलगरीहून येणाऱ्यांना तो घाट लागत नाही. गोल्डन गाडीने तीन तासांवर आहे. चांगले आठवडे वर्षभर आधीच भरतात, तेव्हा पुढच्या एप्रिलसाठी चौकशी या एप्रिलमध्येच करा.