लॉग टेबल उघडण्याआधी: लॉगॅरिदम शिकावे कसे

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याच्या हाती लॉग टेबल, म्हणजे लॉगॅरिदमचे छापील कोष्टक, येते ते बहुधा भौतिकशास्त्राच्या किंवा रसायनशास्त्राच्या तासाला, कारण बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही आणि लॉग टेबल चालते. रांग पाहायची, रकाना पाहायचा, मीन डिफरन्स (संख्येच्या चौथ्या अंकासाठीची भर) मिळवायचा, एवढी कसरत तो लवकरच शिकतो. पण त्या कोष्टकातला आकडा नेमके काय सांगतो, असे विचारले तर सहसा उत्तर मिळत नाही. हा क्रम उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी कागदावर स्वतःचे छोटे कोष्टक तयार करावे आणि मगच छापील कोष्टकाला हात लावावा. घातांकांचे नियम पक्के असतील, तर नववी-दहावीच्या मुलामुलींनाही हे जमण्यासारखे आहे.

पहिली पायरी: प्रश्न समजून घेणे

१० चा तिसरा घात १००० होतो, हे सरळ गणित झाले. आता प्रश्न उलटा विचारावा: १० चा कितवा घात घेतला म्हणजे १००० मिळतात? उत्तर ३, म्हणून लॉग १००० = ३. लॉग म्हणजे घातांकच, आणि ज्या संख्येचा घात घेतला ती १० ही त्याचा पाया. याच रीतीने लॉग १ = ० आणि लॉग १० = १ येतो, तेव्हा १ आणि १० यांच्यामधल्या कोणत्याही संख्येचा लॉग ० आणि १ यांच्यामध्येच असणार. १० चा कोणताही घात घेतला तरी शून्य किंवा ऋण संख्या मिळत नाही. त्यामुळे त्यांना लॉग नाही.

गुणाकार करताना घातांकांची बेरीज होते, म्हणून दोन संख्यांच्या गुणाकाराचा लॉग हा त्यांच्या लॉगांच्या बेरजेइतका असतो. भागाकाराला वजाबाकी आणि घाताला गुणाकार. स्कॉटलंडच्या जॉन नेपियर यांनी १६१४ मध्ये लॉगॅरिदमची कोष्टके प्रसिद्ध केली, ती मोठमोठे गुणाकार बेरजेवर आणण्यासाठीच. १० हा पाया घेऊन ती सोयीची केली इंग्लंडच्या हेन्री ब्रिग्ज यांनी. एक सावधगिरी मात्र येथेच बाळगावी: बेरजेचा लॉग हा लॉगांची बेरीज नसतो. लॉग (२ + ३) म्हणजे लॉग ५. लॉग २ + लॉग ३ केले तर लॉग ६ मिळतो. उत्तरपत्रिकांत याच ठिकाणी गुण जातात.

दुसरी पायरी: स्वतःचे कोष्टक

२ चा दहावा घात १०२४, म्हणजे जवळजवळ १०००. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की १० × लॉग २ हे सुमारे ३ येते आणि लॉग २ सुमारे ०.३ ठरतो. छापील कोष्टकात तो ०.३०१० आहे. एका ओळीच्या गणिताने इतके जवळ पोहोचता येते, हे विद्यार्थ्याने स्वतः करून पाहिले पाहिजे.

आता ५ म्हणजे १० भागिले २, म्हणून लॉग ५ = १ − ०.३ = ०.७. लॉग ४ = ०.६ आणि लॉग ८ = ०.९. तीनसाठी थोडी युक्ती लागते: ३ चा चौथा घात ८१ असून तो ८० च्या अगदी शेजारी आहे, आणि ८० म्हणजे ८ × १०. तेव्हा ४ × लॉग ३ हे सुमारे १.९, म्हणून लॉग ३ सुमारे ०.४७५ (कोष्टकात ०.४७७१). लॉग ६ आणि लॉग ९ आता आपोआप मिळतात. राहिला ७: त्याचा वर्ग ४९ हा ५० ला लागून आहे, ५० चा लॉग १.७, म्हणून लॉग ७ सुमारे ०.८५ (कोष्टकात ०.८४५१). १ ते १० पर्यंतचे कोष्टक असे वहीच्या अर्ध्या पानावर मावते, आणि ज्याने ते स्वतः मांडले त्याला छापील आकड्यांची भीती उरत नाही.

तिसरी पायरी: छापील कोष्टक आणि विहिरीतले पाणी

मराठवाड्यात उन्हाळा लागला की विहिरीत किती पाणी उरले याचा हिशेब घरोघरी चालतो, तोच उदाहरणाला घेऊ. गोल विहिरीचा व्यास ६.४ मीटर आहे आणि दोरीला दगड बांधून मोजले तर पाणी ४.७ मीटर भरते. घनफळ = ३.१४२ × ३.२ × ३.२ × ४.७.

३.१४२ साठी ३१ ची रांग आणि ४ चा रकाना पाहावा. तेथे ४९६९ आहे. त्याच रांगेत उजवीकडे मीन डिफरन्सच्या २ या रकान्यात ३ आहे. दोन्हींची बेरीज ४९७२, म्हणून लॉग ०.४९७२. ३.२ साठी ३२ ची रांग, ० चा रकाना: ०.५०५१, वर्ग असल्यामुळे दुप्पट, १.०१०२. ४.७ साठी ०.६७२१. तिन्हींची बेरीज २.१७९५.

या बेरजेचे दोन भाग वेगळे वाचावेत. दशांश चिन्हाआधीचा २ हा कॅरेक्टरिस्टिक. तो फक्त एवढेच सांगतो की उत्तर १०० आणि १००० यांच्यामध्ये आहे. नंतरचा ०.१७९५ हा मँटिसा, आणि उत्तरातले अंक तोच ठरवतो. अँटिलॉगच्या, म्हणजे लॉगवरून मूळ संख्या देणाऱ्या, कोष्टकात .१७ ची रांग, ९ चा रकाना: १५१०, मीन डिफरन्स ५ खाली २, एकूण १५१२. कॅरेक्टरिस्टिक २ असल्यामुळे उत्तर १५१.२ घनमीटर, म्हणजे सुमारे दीड लाख लिटर.

संख्या एकापेक्षा लहान असेल तर कॅरेक्टरिस्टिक ऋण होतो, पण मँटिसा धनच ठेवायचा असतो. ०.०३२ चा लॉग ‘दोन बार पॉइंट ५०५१’ असा, २ च्या डोक्यावर आडवी रेघ (बार) देऊन लिहितात. त्याचा अर्थ −२ + ०.५०५१. बार संपूर्ण संख्येवर आहे असे समजून −२.५०५१ लिहिले, तर उत्तर पार बदलते.

चौथी पायरी: ‘किती महिन्यांत’ आणि ‘किती पट’

खासगी सावकारीचा दर आपल्याकडे महिन्याला ‘शेकडा दोन’, ‘शेकडा तीन’ असा सांगतात. व्याज न फेडता ते मुदलात मिळवत गेले, तर कर्ज दुप्पट केव्हा होईल? १.०२ चा कितवा घात २ होतो, असा हा प्रश्न आहे. म्हणून लॉग २ ला लॉग १.०२ ने भागावे. ०.३०१० भागिले ०.००८६, म्हणजे ३५ महिने. शेकडा तीनला लॉग १.०३ = ०.०१२८, आणि उत्तर साडेतेवीस महिने. अज्ञात संख्या घातांकात बसलेली असते तेव्हा लॉगसारखे दुसरे साधन नाही, आणि या एका गणितासाठीही तो शिकावा.

भूकंपाचा आकडा हाही लॉगच असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेला भूकंप ६.२ परिमाणाचा होता, तर १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यातला ४.५ चा. फरक १.७ दिसतो, आणि ६.२ ला ४.५ ने भागून किल्लारीचा धक्का हिंगोलीच्या ‘दीडपटीहून थोडा कमी’ होता असे म्हणणारे भेटतात. प्रत्यक्षात परिमाण एकाने वाढले की नोंदलेल्या हादऱ्याची उंची दसपट होते, म्हणून १.७ चा अँटिलॉग घ्यावा: सुमारे ५० पट. ऊर्जेसाठी फरकाला दीडने गुणावे लागते, २.५५ चा अँटिलॉग सुमारे ३५५ येतो. हिंगोलीच्या धक्क्यात जेवढी ऊर्जा मोकळी झाली, तिच्या साडेतीनशे पटींहून अधिक ऊर्जा किल्लारीला मोकळी झाली. हानी मात्र या आकड्यावरून मोजता येत नाही; दगड-मातीच्या जाड भिंतींची माळवदे आणि गाढ झोपेची वेळ यांनी किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसांचा जीव गेला.

ध्वनीच्या डेसिबलमध्ये गुणोत्तराच्या लॉगाला १० ने गुणतात. एकाऐवजी तसेच दोन स्पीकर लावले तर वाढ १० × ०.३०१०, म्हणजे जेमतेम ३ डेसिबल. वरातीतले निम्मे डबे बंद केले तरी कानाला फारसा फरक का जाणवत नाही, ते यावरून कळते. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. ८५ डेसिबलचा आवाज तिच्या दीडपट नसून त्याची तीव्रता हजारपट असते.

माती परीक्षणाच्या अहवालातला पीएच हा हायड्रोजन आयनांच्या संहतीचा लॉग, पण चिन्ह उलटे केलेला. त्यामुळे पीएच वाढतो तेव्हा संहती घटते. आपल्या काळ्या जमिनीचा पीएच बहुधा ७ च्या वर असतो. एका शेताचा ७.५ आणि शेजारच्याचा ७.८ आला, तर ०.३ चा हा फरक किरकोळ वाटतो, पण ०.३ म्हणजे लॉग २, आणि दुसऱ्या शेताच्या मातीत हायड्रोजन आयनांची संहती पहिल्याच्या निम्मीच भरते.